सवलत कराची, घर कोणाचे?

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा असे मुहूर्त जवळ आले की वर्तमानपत्रांची पाने घरांच्या जाहिरातींनी भरून जातात. इमारतीचे रंगीत चित्र, पुढे हिरवळ, हिरवळीवर हसणारे चौकोनी कुटुंब आणि तळाशी बारीक अक्षरांत अटी. या जाहिरातींत गेली पंचवीस-तीस वर्षे एक वाक्य या ना त्या रूपाने येत राहिले आहे : घर घ्या आणि कर वाचवा. बिल्डरच्या कार्यालयातला टाय लावलेला मुलगा हेच सांगतो, कर्ज देणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी हेच सांगतो आणि कचेरीतला अनुभवी सहकारीही डबा खाता खाता हेच सांगतो, ‘भाडं कसलं भरतोस? कर्ज काढ. अर्धं व्याज तर सरकारच देतं.’

सरकार अर्धे व्याज कधीच देत नव्हते. ते किती देत होते, कोणाला देत होते आणि ज्याला डोक्यावर पहिले छप्पर हवे आहे त्याच्या वाट्याला त्यातले काय येत होते, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली आणि त्यातली बरीचशी कर्ज विभागात. पगाराच्या स्लिपा, करारनामे, जामीनदारांच्या सह्या यांच्या आडून मी शेकडो कुटुंबांची घरे उभी राहताना पाहिली. पुढे कादंबऱ्या लिहिताना हीच माणसे माझ्या कामी आली. एवढ्या वर्षांच्या या सहवासातून माझे एक मत पक्के झाले आहे. पहिल्या घरासाठी सरकारने मदत जरूर करावी, पण ती आयकराच्या वजावटीतून करू नये. कारण वजावटीचा स्वभावच असा, की ज्याची गरज कमी त्याला ती अधिक देते आणि ज्याची गरज सर्वांत मोठी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवते.

हे विधान काहींना टोकाचे वाटेल. म्हणून आधी आकडेच पाहू. समजा, एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, एकसारख्या चार फ्लॅटसाठी चौघांनी प्रत्येकी २५ लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता साधारण साडेबावीस हजार रुपये. पहिल्या वर्षी भरलेल्या हप्त्यांपैकी सव्वादोन लाखांच्या आसपास रक्कम नुसत्या व्याजाची. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जुन्या करपद्धतीत, स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजापैकी वर्षाला दोन लाखांपर्यंतची रक्कम उत्पन्नातून वजा करता येते. आता या चौघांपैकी पहिल्याचे करपात्र उत्पन्न चौदा लाख आहे. त्याचे वरचे उत्पन्न तीस टक्क्यांच्या टप्प्यात येते, म्हणून अधिभार धरून त्याचे ६२,४०० रुपये वाचतात. दुसऱ्याचे करपात्र उत्पन्न नऊ लाख. त्याचे ४१,६०० वाचतात. तिसरा बायकोच्या पगाराची जोड घेऊन कसाबसा हप्ता बसवतो. त्याचे करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याने त्याला मुळातच कर नाही, म्हणून त्याचे वाचतात शून्य रुपये. चौथा टेंपो चालवतो. त्याचेही शून्य.

इमारत एक, व्याज एक, पण मदत मात्र पहिल्या दाराशी महिन्याला पाच हजारांहून अधिक आणि शेवटच्या दोन दारांशी काहीच नाही. त्यात पहिल्या घरातले नवरा-बायको दोघेही चांगल्या पगाराचे असतील, घर दोघांच्या नावावर असेल आणि कर्जही मोठे असेल, तर दोघेही आपापल्या दोन लाखांची वजावट स्वतंत्रपणे मागू शकतात. चौथ्या घरातले नवरा-बायको दोघेही राबत असले, तरी त्या राबण्याला ही सोय नाही. समजा सरकारने उद्या रेशन दुकानावर जाहीर केले, की ज्याचा पगार मोठा त्याला साखर स्वस्त आणि ज्याला पगारच नाही त्याला पूर्ण भावाने, तर लोक रस्त्यावर येतील. घराच्या बाबतीत नेमके हेच चालले होते आणि त्याला आपण ‘मध्यमवर्गाला दिलासा’ असे नाव देत होतो.

वजावट आणि सूट हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत मोठे अंतर आहे. वजावट उत्पन्नातून होते. तिची किंमत तुमच्या कराच्या टप्प्यावर ठरते. सूट थेट करातून होते. शंभर रुपयांची सूट कर भरणाऱ्या कोणालाही शंभर रुपयांचीच पडते. हा फरक भारतातल्या एका अर्थमंत्र्याने फार पूर्वी ओळखला होता, आणि ते होते आपल्या कोकणचे खासदार प्रा. मधू दंडवते. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे, राजापूरमधून वर्षानुवर्षे लोकसभेवर निवडून जाणारे आणि रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आणणारे दंडवते. १९९० च्या अर्थसंकल्पात त्यांनी बचतीवरची जुनी वजावट काढून तिच्या जागी कलम ८८ ची करसूट आणली. बचत केलेल्या पात्र रकमेच्या वीस टक्के सूट थेट करात. घरकर्जाच्या मुद्दलाची फेडही या योजनेत बसत होती. जुन्या पद्धतीत वरच्या टप्प्यातल्या माणसाला अधिक लाभ होतो, तो व्हायला नको, हा त्यामागचा विचार. रेल्वेच्या बाकावरची गादी आणि करातली ही सूट यांमागचे मन एकच होते.

ही पद्धत पंधराएक वर्षे टिकली. २००२ मध्ये ती आणखी पुढे गेली. कमी उत्पन्नाला वीस टक्के सूट, मधल्या उत्पन्नाला पंधरा आणि पाच लाखांच्या वरच्या उत्पन्नाला सूटच नाही, अशी उतरती भाजणी तिला लावण्यात आली. पण २००५ च्या अर्थसंकल्पात हे सारे मोडून पुन्हा वजावट आली. तेच आजच्या पिढीला तोंडपाठ असलेले ‘ऐंशी सी’. दंडवत्यांनी पुसलेले गणित फळ्यावर पुन्हा लिहिले गेले आणि वर्गात कोणी हात वर केला नाही.

व्याजाच्या बाबतीत तर सूट कधी आलीच नाही. तेथे वजावटच राहिली आणि ती वाढत गेली. १९९९ मध्ये तिची मर्यादा तीस हजारांवरून पंचाहत्तर हजार झाली, २००० मध्ये एक लाख, २००१ मध्ये दीड लाख आणि २०१४ मध्ये दोन लाख. या वाढीमुळे काही चांगले घडलेच नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकविसाव्या शतकाच्या त्या पहिल्या वर्षांत व्याजदर उतरत होते, वजावट वाढत होती आणि चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेली एक पिढी डोंबिवली, विरार, कोथरूड, नाशिकरोड येथे स्वतःच्या नावाची पाटी लावत होती. आणखी एक फायदा बँकेच्या टेबलावरून स्पष्ट दिसे. वजावट मिळायची तर कर्ज हवे आणि मोठे कर्ज मिळायचे तर करारनाम्यात पुरी किंमत हवी. त्यामुळे घराच्या व्यवहारातला ‘रोखीचा’ हिस्सा कमी करण्याचा आग्रह प्रथमच खरेदीदार स्वतःहून धरू लागला. हे श्रेय त्या वजावटीला दिलेच पाहिजे.

पण त्याच टेबलावरून दुसरीही एक गोष्ट दिसे. जानेवारी-फेब्रुवारी आला की शाखेत व्याजाच्या दाखल्यासाठी रांग लागायची. कचेरीत गुंतवणुकीचे पुरावे देण्याची ती मुदत. शिक्षक, कारकून, इंजिनीअर, विमा कंपनीतले अधिकारी असे सारे त्या रांगेत. आमच्या शाखेच्या कर्जदारांत पोळीभाजीचे केंद्र चालवणाऱ्या एक बाई होत्या. नवरा टेंपोवर होता. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत हप्ता, तोही बहुधा नोटा मोजून. एका फेब्रुवारीत त्यांनी मला विचारले,

‘साहेब, हा कागद कशाला घेतात सगळे?’

‘आयकरासाठी, मावशी. भरलेल्या व्याजावर कर कमी होतो.’

‘मग मलाही द्या की.’

‘तुम्हाला करच नाही ना. तुम्हाला त्याचा उपयोग नाही.’

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे ज्यांना पगार आहे, त्यांचं व्याज सरकार सोसणार. माझं मी सोसायचं. आणि मला तुम्ही व्याज लावलंय त्यांच्यापेक्षा अर्धा टक्का जास्त.’

यात खोटे काहीच नव्हते. स्वयंरोजगार म्हणजे जोखीम, म्हणून दर थोडा चढा, हा बँकेचा नियम. कर नाही म्हणून वजावट नाही, हा आयकराचा नियम. दोन्ही नियम आपापल्या जागी सरळ. पण दोन्ही एकत्र येऊन पडायचे ते त्या बाईंच्या पोळपाटावर. बाईंनी अर्थशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते, पण दंडवत्यांच्या मनातली शंका त्यांनी दोन वाक्यांत सांगितली.

‘पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी’ म्हणून ज्या खास सवलती आल्या, त्यांनी तरी हा दोष दूर केला का? २०१३ च्या अर्थसंकल्पात प्रथमच तसा स्वतंत्र विचार झाला. चाळीस लाखांपर्यंतचे घर, पंचवीस लाखांपर्यंतचे कर्ज आणि पहिलेच घर असेल तर व्याजावर एक लाखाची जादा वजावट. ही योजना एका वर्षातल्या कर्जांपुरती. २०१६ मध्ये ती नव्या रूपात आली. वर्षाला पन्नास हजार जादा, पुन्हा एकाच आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या कर्जांना. २०१९ मध्ये दीड लाखाची जादा वजावट आली, मुद्रांक शुल्काच्या हिशेबाने पंचेचाळीस लाखांपर्यंतच्या घराला. तिची मुदत दोनदा वाढवून ३१ मार्च २०२२ ला संपली. म्हणजे कर्ज ३० मार्चला मंजूर झाले तर तुम्ही पहिल्यांदा घर घेणारे आणि २ एप्रिलला झाले तर नाही. पहिले घर माणूस आयुष्यात एकदाच घेतो. सरकारच्या मुदती पाहून त्याची बदली, लग्न किंवा घरमालकाची नोटीस येत नाही.

शिवाय पंचेचाळीस लाखांची ती रेषा लातूरला आणि मुंबईला एकच. लातुरात त्या किमतीत ऐसपैस घर येते. मुंबईकराला मात्र त्या रेषेच्या आत राहायचे तर बदलापूर, वांगणी, नालासोपारा गाठावे लागते. सवलत त्याला मिळते, पण तिचे मोल तो रोज लोकलच्या दारात लटकून फेडतो.

आणि ‘पहिले घर’ म्हणायचे तरी कशाला? आपल्याकडे हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. रत्नागिरीकडच्या एखाद्या वाडीत आजोबांनी बांधलेले चिरेबंदी घर असते. आजोबा गेले, पाच मुलगे गेले, आता ग्रामपंचायतीच्या कागदावर अकरा चुलतभावांची नावे. त्यांतला एक घाटकोपरला भाड्याच्या खोलीत राहतो, गणपतीला आठ दिवस गावी जातो आणि त्या घराच्या पडवीत झोपतो. हा माणूस घरमालक की बेघर? अटीचा अक्षरशः अर्थ लावला तर त्याच्या नावावर घर आहे. उलट, एखाद्या सधन कुटुंबात वडिलांचे दोन फ्लॅट असतात, आईचा एक, आणि नुकताच नोकरीला लागलेला मुलगा कर्ज काढून चौथा घेतो. आयकराच्या दृष्टीने माणूस एकेकटा मोजला जातो, म्हणून हा मुलगा ‘पहिल्यांदा घर घेणारा’. कायद्याला नाव दिसते, छप्पर दिसत नाही.

सर्वांत क्लेशकारक बाब आणखी वेगळी आहे. वजावट मिळते ती घराचा ताबा मिळाल्यावर. बांधकाम चालू असताना भरलेले व्याज पुढे पाच समान भागांत, तेही दोन लाखांच्या त्याच मर्यादेत मागता येते. आणि कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षापासून पाच वर्षांत बांधकाम पुरे झाले नाही, तर दोन लाखांची मर्यादा घसरून तीस हजारांवर येते. म्हणजे ज्याचा बिल्डर पैसे घेऊन बसला आहे, ज्याच्या इमारतीच्या सळ्या आभाळाकडे पाहत गंजताहेत, जो एकीकडे भाडे आणि दुसरीकडे हप्ता भरतो आहे, त्याच दुर्दैवी माणसाची सवलत कापली जाते. २०१७ पासून महारेरा आहे, तक्रारीला दार आहे, हे खरे. पण विलंब बिल्डरने करायचा आणि वजावट खरेदीदाराची जायची, हा न्याय समजण्याच्या पलीकडचा आहे.

वजावटीऐवजी थेट सूट दिली की सारे सुरळीत होते, असेही नाही. अमेरिकेने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. २००८ मध्ये तिथला घरबाजार कोसळला तेव्हा पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना साडेसात हजार डॉलरपर्यंतची करसूट जाहीर झाली. नाव सुटीचे असले तरी ते बिनव्याजी कर्ज होते. पंधरा वर्षांत ते परत करायचे होते. २००९ मध्ये ती आठ हजार डॉलर झाली आणि परतफेडीची अट सर्वसाधारणपणे निघाली. मुख्य म्हणजे, कर तेवढा नसेल तरी उरलेली रक्कम रोखीने मिळत होती. आपल्या पोळीभाजीवाल्या मावशी तिथे असत्या तर त्यांनाही ती मिळाली असती. तत्त्व म्हणून हे वजावटीपेक्षा कितीतरी न्याय्य.

पण दोन गोष्टी बिघडल्या. एक, पैसा दिसला की लबाडी येते. तपासणीत असे आढळले, की चार वर्षांच्या मुलांच्या नावाने आणि तुरुंगातल्या कैद्यांच्या नावानेही सुटीचे दावे मंजूर झाले होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. योजनेला मुदत होती. ३० एप्रिल २०१० पर्यंत सौदा व्हायला हवा होता. लोकांनी घाई केली, विक्री वाढली आणि मुदत उलटल्यावर जुलैत जुन्या घरांची विक्री एका महिन्यात पाव भागाहून अधिक खाली आली. जे पुढच्या वर्षी घर घेणार होते त्यांनी ते आधी घेतले, एवढेच.

आपल्याकडेही असेच घडले. करोनाच्या काळात राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि जानेवारी ते मार्च २०२१ दोन टक्क्यांनी कमी केले. डिसेंबरात आणि मार्चअखेरीस नोंदणी कार्यालयांपुढे झुंबड उडाली. मंदावलेल्या व्यवसायाला त्याने हात दिला, यात शंका नाही. पण ती सवलत पहिल्या घराला आणि पाचव्या घराला सारखीच होती. वरळीच्या समुद्राकडे तोंड असलेल्या फ्लॅटवर तीन टक्के म्हणजे किती आणि कल्याणच्या एका खोलीवर तीन टक्के म्हणजे किती, हे गणित वाचकांनीच करावे. आणि मुदतीची सवलत असली की बिल्डरही आपली किंमत जरा ताठच ठेवतो. सवलतीचा काही भाग त्याच्या खिशात कसा जातो, हे बाजारात वावरलेल्या कोणालाही सांगायला नको.

आता या सगळ्या पुराणाला एक नवा अध्याय जोडला गेला आहे आणि त्याची पुरेशी जाणीव अजून घरोघर पोहोचलेली नाही. २०२० मध्ये नवी करपद्धत आली. कराचे दर कमी, पण वजावटी जवळजवळ नाहीत. २०२३-२४ पासून हीच पद्धत मूळ मानली जाते. जुनी हवी असेल तर तशी निवड करावी लागते. नव्या पद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही आणि ‘ऐंशी सी’ही नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला या पद्धतीत करच ठेवला नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी येणाऱ्या २०२५ च्या आयकर कायद्यातही हीच चौकट आहे.

याचा अर्थ काय होतो ते एका उदाहरणाने पाहू. वर्षाला पंधरा लाख पगार असलेला एक तरुण घ्या. त्याने घरकर्जावरची दोन लाखांची पुरी वजावट आणि ‘ऐंशी सी’ची दीड लाखांची पुरी वजावट घेतली, तर २०२५-२६ च्या दरांनी जुन्या पद्धतीत त्याला १,४८,२०० रुपये कर येतो. नव्या पद्धतीत, घरकर्ज असो वा नसो, ९७,५०० रुपये. म्हणजे घरकर्जाच्या सगळ्या वजावटी जमेस धरूनही नवी पद्धतच त्याला पन्नास हजारांनी स्वस्त पडते. आणि ज्याचा पगार बारा लाखांच्या आत आहे, त्याला कर शून्यच; त्याच्यासाठी घरकर्जाच्या करसवलतीची किंमतही शून्य. ‘घर घ्या आणि कर वाचवा’ हे वाक्य बहुसंख्य नोकरदारांच्या बाबतीत आता खरे राहिलेले नाही. तरीही ते विकले जाते आहे.

मला या बदलाचे दुःख नाही. उलट, वजावटीचा तो उलटा तराजू बाजूला झाला हे बरेच झाले. पण तराजू काढून घेतला आणि त्याच्या जागी दुसरा ठेवला नाही, हे माझे दुःख आहे. वजावटीवर वर्षानुवर्षे सोडून दिलेला सरकारी महसूल पहिल्या घराकडे वळवण्याची ही संधी होती. २००२ मध्येच विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने, व्याजाची वजावट मागे घेऊन लहान कर्जांना व्याजात थेट साह्य द्यावे, या दिशेने विचार मांडला होता. त्यावर मध्यमवर्गातून गदारोळ झाला आणि तो विषय मागे पडला.

थेट मदत चालते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. प्रधानमंत्री आवास योजनेखाली २०१५ पासून कर्जाशी जोडलेले अनुदान सुरू झाले. सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, देशात कोठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज-अनुदान. त्याची एकूण रक्कम, जास्तीत जास्त सुमारे दोन लाख सदुसष्ट हजार, एकदम कर्जखात्यात जमा होई आणि मुद्दलच कमी होई. या गटात घर बाईच्या नावावर किंवा तिच्यासह असावे, असा आग्रह होता. यात कर भरतो की नाही हा प्रश्नच नव्हता, आणि माणूस नव्हे तर कुटुंब मोजले जात होते. पुढे मध्यम उत्पन्न गटांनाही त्यात घेतले. ही योजना मध्यम गटासाठी मार्च २०२१ मध्ये आणि कमी उत्पन्न गटासाठी मार्च २०२२ मध्ये संपली. सप्टेंबर २०२४ पासून तिचे दुसरे पर्व सुरू झाले आहे. नऊ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न, पस्तीस लाखांपर्यंतचे घर, पंचवीस लाखांपर्यंतचे कर्ज आणि जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजारांची मदत, पाच वार्षिक हप्त्यांत.

दिशा योग्य आहे, पण माप अपुरे आहे. पुणे महापालिका हद्दीत पस्तीस लाखांचे घर घेणाऱ्याकडून राज्य सरकार सात टक्के मुद्रांक शुल्क घेते, म्हणजे दोन लाख पंचेचाळीस हजार, आणि नोंदणीचे तीस हजार वेगळे. एका हाताने पाच वर्षांत एक लाख ऐंशी हजार द्यायचे आणि दुसऱ्या हाताने एका दिवसात पावणेतीन लाख घ्यायचे; तेही अशा दिवशी, जेव्हा त्या कुटुंबाने बाईच्या बांगड्या गहाण टाकून स्वतःचा हिस्सा उभा केलेला असतो. घर बाईच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात २०२१ पासून एक टक्का शुल्क कमी लागते, ही चांगली गोष्ट. हीच वाट आणखी रुंद करता येईल. इंग्लंडने नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिल्या घरासाठी अशा शुल्कात खास सवलत सुरू केली. आपल्या राज्यालाही, ठरावीक किमतीच्या आतल्या पहिल्या घराचे मुद्रांक शुल्क माफ करता येईल किंवा निदान पहिल्या पाच वर्षांच्या हप्त्यांत घेता येईल. त्यासाठी दिल्लीला विचारण्याचीही गरज नाही.

माझी मागणी मोठी नाही. पहिल्या घराची मदत रोख असावी, सर्वांना सारखी असावी आणि कर्जाच्या मुद्दलात थेट जमा व्हावी. किमतीची मर्यादा शहर पाहून ठरावी. योजनेला दर दोन वर्षांनी मरणाची आणि पुनर्जन्माची तारीख नसावी. गावच्या घरातला अकरावा हिस्सा कोणाच्या आड येऊ नये. आणि पगाराची स्लिप नसलेल्या, पण हप्ता कधी न चुकवणाऱ्या माणसाच्या पासबुकाला फॉर्म नंबर सोळाइतकाच मान मिळावा.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर घरात एक काम मात्र आजच करता येईल. मुलाने-सुनेने किंवा लेकीने-जावयाने घर बुक करायचे ठरवले असेल, तर रविवारच्या चहाबरोबर एक कागद घ्यावा. त्यावर किंमत, मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीचा खर्च, लोकलचा पास, हप्ता असे सारे लिहावे. ‘वाचणारा कर’ हा रकाना त्यात घालू नये. त्या रकान्याशिवाय हिशेब बसत असेल, एकाची नोकरी सहा महिने नसली तरी हप्ता निघत असेल, तर घर खुशाल घ्यावे. २५ लाखांच्या कर्जावर वीस वर्षांत सुमारे २९ लाख व्याज जाते. एवढे व्याज कर वाचवण्यासाठी कोणी भरू नये. भरायचेच तर ते त्या घरात राहण्यासाठी भरावे.